दोन मुलं, एक सर आणि फीचा हिशेब

नाशकात बॅडमिंटन कोर्टाबाहेर ताटकळणाऱ्या पालकांमध्ये एक वाद हमखास रंगतो. दोन मुलांनी मिळून एका सरांची खासगी शिकवणी लावली, तर फी किती? पालक म्हणतात, तास एकच, सर एकच. तीच रक्कम दोघांत अर्धी करा. सर म्हणतात, मुलं दोन, तर फी दुप्पट. दोन्ही हिशेब सोयीचे आहेत, रास्त एकही नाही.

पालकांच्या डोक्यात शेअर रिक्षा असते. शालिमारहून नाशिकरोडला निघालेल्या रिक्षात आणखी एक माणूस बसला, तरी आधीच्याचा प्रवास तोकडा होत नाही. शिकवणीत होतो. सरांना आता दोन मनगटं, दोन बॅकहँड आणि रात्री दोन घरचे फोन सांभाळायचे असतात. अर्ध्या-अर्ध्याच्या हिशेबात हे जादा काम फुकटात जमा होतं.

सरांचा दावा त्याहून लंगडा आहे. 60 मिनिटांची 120 होत नाहीत. कोर्टाचं भाडं दुसऱ्या मुलामुळे वाढत नाही. मग ते दोनदा का वसूल करायचं?

माझा तोडगा असा: भाडं सरळ वाटून घ्या, शिकवण्याचा मोबदला दीडपट करा. समजा, कोर्टाचे 300 आणि सरांचे 600. एकट्या मुलाला 900 पडतात. दोघं आले की 300 अधिक 900, म्हणजे 1200, प्रत्येकी 600. मुलाचे 300 वाचले, सरांना 300 जास्त मिळाले. शटलचा खर्च वेगळा धरावा, ती जास्त लागतात.

पण दीडपट हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. पोहण्यात नवशिक्या मुलाला पाण्यात क्षणभरही नजरेआड करता येत नाही. एकाला हात मारायला शिकवताना दुसरा काठ धरून कुडकुडतो. तिथे सरांची जबाबदारी जवळपास दुप्पट आणि मुलाचा लाभ कमी. अशी भागीदारी मुळात करूच नये. बुद्धिबळात उलट. विदित गुजराथीच्या या शहरात ते शिकणारी मुलं कमी नाहीत; तुल्यबळ दोघं एक डाव खेळले, तर सरांनी केलेलं त्या डावाचं विश्लेषण दोघांच्याही कामाचं. धावण्यात तर सोबत हाच सरावाचा भाग. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत आणि तिच्यानंतरची संजीवनी जाधव, दोघी प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याच शिष्या. शेजारी तोडीची धावपटू असेल, तर वेग राखायला घड्याळापेक्षा तिचीच मदत जास्त. अशा खेळांत पालकांचा अर्ध्याचा आग्रह बराचसा मान्य करायला हरकत नाही.

‘इतका काथ्याकूट कशाला, समजुतीने घेऊ की!’ असं म्हणणारे पहिल्या तापातच उघडे पडतात. एक मूल आजारी, दुसऱ्याला सर एकट्याला मिळाले. पैसे कुणी द्यायचे? माझ्या मते आदल्या दिवशी कळवलं नसेल, तर गैरहजर मुलाचा वाटा द्यावाच लागेल. मात्र हजर मुलाकडून एक रुपयाही जादा घेऊ नये. आणि कळवलं असेल, तर सरांनी तो तास पुढे ढकलावा.

खरी मेख आहे विजोड जोडीत. एक मूल जिल्हास्तरावर खेळतं, दुसऱ्याची सर्व्हिस अजून जाळ्यात अडकते. तिथे पहिलं शिकत नसतं, दुसऱ्याला सराव देत असतं, म्हणजे सरांचंच काम करत असतं. त्याच्या फीतून तेवढं वजा करायला सर तयार नसतील, तर पालकांनी जोडी मोडावी.