जंगलाच्या वेशीवर कुत्रा नेताना

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागते, ओळखपत्रे तपासली जातात आणि गाड्या आत सुटतात. पर्यटक परततात ते तीन-चार तासांनी. दुपारच्या फेरीत पुन्हा तेवढाच वेळ. सफारीत पाळीव प्राणी नेता येत नाही, त्यामुळे पुण्याहून किंवा नागपूरहून हौसेने सोबत आणलेला कुत्रा हा सगळा वेळ तंबूत नाहीतर खोलीत एकटा बांधलेला असतो. त्यातून वाघ हमखास दिसण्याचे महिने एप्रिल आणि मे. त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय. भर दुपारी कापडी तंबूत हा उपाय तोकडा पडतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर तो सावलीतही पुरत नाही.

कुत्र्याला घेऊन तंबूत राहायची हौस रास्त आहे. दिवसाचे बावीस तास फ्लॅटमध्ये काढणाऱ्या प्राण्याला मोकळी माती, नवे वास आणि घरच्या माणसांचा दिवसभराचा सहवास मिळतो. ज्यांच्या घरात कुत्रा कुटुंबातलाच एक आहे, त्यांनी सुट्टीत त्याला मागे का ठेवावे? प्रश्न जागेचा आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या आणि बिबट्यांच्या अभयारण्याच्या अगदी कडेला 'पेट फ्रेंडली' म्हणून जे तंबू आज भाड्याने दिले जातात, त्यामागे बहुतेक ठिकाणी एकही लेखी नियम नसतो. कुत्रा आला तरी चालेल, एवढीच काय ती सोय. जंगलाच्या वेशीवर एवढ्याने भागत नाही.

भंडारदऱ्याचेच पाहा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. आज सुट्टीच्या दिवशी जलाशयाच्या काठाने तंबूंच्या ओळी उभ्या असतात, आणि मेअखेरीपासून काजवे पाहायला मुंबई-पुण्याची गर्दी लोटते. भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खाली शेतीच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. कॅमेरा ट्रॅप लावून त्यांनी काढलेला अंदाज असा की जंगल म्हणावे असे काही नसलेल्या, वस्तीने भरलेल्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे राहतात. हे बिबटे खातात काय, हे त्यांच्या विष्ठेवरून तपासले गेले. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला : ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, कारण त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त आहेत. तरी बिबट्याच्या तोंडी कुत्रे अधिक जातात. शेळी संध्याकाळी गोठ्यात कोंडली जाते आणि कुत्रा रात्रभर बाहेर असतो, हे त्याचे उघड कारण. गावातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. कॅम्पवर मात्र रात्री याचे भान कोणाला नसते. शेकोटी विझते, जेवणाची खरकटी आसपास पडलेली असतात, आणि कुत्रा तंबूच्या खुंटीला नाहीतर गाडीच्या चाकाला बांधलेला असतो. कोणी त्याला तंबूत घेतो. पण तंबू म्हणजे कापड. बिबट्या कुत्र्यासाठी येतो आणि त्या कापडाच्या आत कुत्र्याला बिलगून घरातले मूल झोपलेले असते. अशा एखाद्या रात्री काही विपरीत घडले, तर दुसऱ्या दिवसापासून पिंजरे लावायची मागणी होईल आणि शिक्षा बिबट्याला मिळेल. त्याच्या हद्दीत जाऊन त्याचे सर्वांत आवडते भक्ष्य उघड्यावर बांधून ठेवणाऱ्यांना कोणी विचारणार नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक हजार सिंह मेले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. कारण होते कॅनाइन डिस्टेंपर, कुत्र्यांचा विषाणू, आणि तो आसपासच्या वस्त्यांतल्या पाळीव कुत्र्यांकडून जंगलात शिरल्याचे अभ्यासकांनी मांडले. आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत २३ सिंह गेले. त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला आणि उरलेल्यांना वाचवण्यासाठी अमेरिकेतून लस आणावी लागली. महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवती फिरणाऱ्या कुत्र्यांचे रक्त संशोधकांनी तपासले, तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ कुत्र्यांत डिस्टेंपर आणि पार्वो या विषाणूंशी संपर्क आल्याच्या खुणा मिळाल्या. त्याच माळरानावर खोकड राहते, लांडगा राहतो. ताडोबात, मेळघाटात, पेंचमध्ये रानकुत्र्यांचे कळप आहेत. सह्याद्रीतली माणसे त्याला कोळसुंदा म्हणतात. तो पाळीव कुत्र्याच्याच कुळातला, त्यामुळे कुत्र्याचा जवळजवळ प्रत्येक आजार त्याला होऊ शकतो. जगात त्याची प्रौढ संख्या अडीच हजारांच्या आत असल्याचा अंदाज आहे.

इथे शहरी श्वानपालकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. वेळच्या वेळी लस घेतलेला, पट्ट्यात राहणारा लॅब्रॅडॉर हा जंगलासाठी मुख्य धोका मुळीच नाही. धोका आहे तो गावोगावच्या लस न मिळालेल्या मोकाट कुत्र्यांचा, आणि कॅम्पवरच्या खरकट्यावर त्यांचीच संख्या वाढते. पण पाहुणा कुत्रा निर्धोक आहे हे कळणार कशावरून? लसीकरणाचे कार्ड कोणी मागत नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, आणि झुडपाआड टाकलेली विष्ठा उचलायला कोणी सांगत नाही. उलट दिशेनेही धोका आहेच. गावातल्या आजारी कुत्र्याचा, गवतातल्या गोचिडांचा आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातल्या लेप्टोचा त्रास शहरातल्या कुत्र्यालाच आधी होतो. गोचीडतापाने सुट्टीनंतर पंधरा दिवसांत कुत्रा खाणे सोडतो, तेव्हा कॅम्पची आठवणही कोणाला नसते.

ज्या देशात कुत्र्याला घेऊन राष्ट्रीय उद्यानात जायची सवय जुनी आहे, त्या अमेरिकेने हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. मेन राज्यातले अकेडिया हे कुत्र्यांना सर्वाधिक मोकळीक देणाऱ्या उद्यानांत मोडते. बॉस्टनहून मोटारीने पाच तासांच्या अंतरावर असल्याने तिथल्या मराठी कुटुंबांनाही ते परिचयाचे आहे. जवळजवळ १६० किलोमीटरच्या पायवाटा आणि रॉकफेलर यांनी बांधवून घेतलेले ७२ किलोमीटरचे बग्गीरस्ते तिथे कुत्र्यांना खुले आहेत. ब्लॅकवुड्स, सीवॉल आणि स्कूडिक वुड्स या तळांवर कुत्र्यासह तंबू ठोकता येतो. पण या मोकळिकीला काटेकोर कुंपण आहे. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. कुत्र्याला तळावर एकटे सोडून जाता येत नाही. लोखंडी शिड्यांच्या कड्यावरच्या वाटा बंद, ऐन उन्हाळ्यात सँड बीच बंद, डक हार्बरचा तळ बारमाही बंद. कुठली वाट कुत्र्यासाठी आहे आणि कुठली नाही, हे घरून निघण्यापूर्वी कोणालाही वाचता येते.

यलोस्टोनचे नियम याहून कितीतरी कडक आहेत. रस्ता, वाहनतळ आणि तंबूतळ यांपासून शंभर फुटांच्या पलीकडे कुत्रा न्यायचा नाही. पायवाटांवर नाही, गरम झऱ्यांच्या लाकडी पुलांवर तर नाहीच नाही. १९८१ मध्ये गाडीतून निसटलेला एक कुत्रा तिथल्या उकळत्या कुंडात पडला आणि त्याला वाचवायला उडी मारलेला चोवीस वर्षांचा तरुण दुसऱ्या दिवशी दगावला. २०२१ मध्ये एक तरुणी अशाच प्रयत्नात गंभीर भाजली. पण कडकपणाचे कारण एवढेच नाही. यलोस्टोनमध्ये लांडगे आहेत, ग्रिझली अस्वले आहेत. मोकळा कुत्रा अस्वलावर भुंकतो, अस्वल उलटते आणि कुत्रा जीव घेऊन थेट मालकाकडे धावतो. अकेडियात असे मोठे शिकारी प्राणी सहसा भेटत नाहीत, म्हणून तिथे वाटा खुल्या ठेवणे परवडते.

मोठा शिकारी जितका जवळ, तितकी कुत्र्याची मुभा कमी, असा या दोन उद्यानांचा व्यवहार आहे. या हिशेबाने ताडोबा आणि भंडारदरा कुठे बसतात याबद्दल शंका नको. ताडोबा-अंधारीचे गाभा क्षेत्र ६२५ चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचे बफर ११०० चौरस किलोमीटर. वाघ आणि बिबटे या बफरमध्ये सर्रास राहतात, आणि बरीच रिसॉर्ट व तंबूतळ याच बफरमध्ये किंवा त्याला लागून आहेत. गाभ्यात कुत्रा चालत नाही आणि दोन किलोमीटरवर तोच कुत्रा रात्री उघड्यावर चालतो, या व्यवस्थेचे समर्थन करता येत नाही.

वन विभागाने यात आता लक्ष घालायला हवे. व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमध्ये आणि अभयारण्यांच्या हद्दीत कुत्र्यासह तंबूत मुक्काम सरसकट बंद करावा. ज्या रिसॉर्टमध्ये पक्क्या भिंतींची, थंड राहणारी खोली आहे आणि सफारीच्या वेळात कुत्र्याजवळ थांबायला माणूस आहे, त्यांनाच परवानगी द्यावी. तीही रेबीज आणि डिस्टेंपर-पार्वोच्या लसीचे कार्ड पाहून. अशा प्रत्येक कुत्र्यामागे ठरावीक शुल्क घ्यावे आणि तो पैसा आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांच्या लसीकरणाला व नसबंदीला द्यावा. याला कायद्यात जुना आधार सापडतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३३ अ नुसार अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या पशुधनाला साथीच्या रोगांविरुद्ध लस टोचणे अपेक्षित आहे. त्या पशुधनाच्या व्याख्येत गायी-म्हशींपासून बदके-कोंबड्यांपर्यंत नावे आहेत, कुत्र्याचे नाही. जो प्राणी वाघ-सिंहांना सर्वांत घातक रोग देऊ शकतो, तोच यादीबाहेर राहिला आहे. ही उणीव भरून काढायला राज्याने पुढाकार घ्यावा.

यावर पहिला आक्षेप रोजगाराचा येईल, आणि तो ऐकून घेण्याजोगा आहे. भंडारदऱ्याच्या काठी तंबू लावणारी बरीच मुले तिथल्याच आदिवासी पाड्यांतली आहेत. शनिवार-रविवारच्या दोन मुक्कामांवर त्यांचे घर चालते. एखादे कुटुंब कुत्र्यामुळे परत गेले तर ते नुकसान त्यांचे. म्हणूनच बंदीचा कागद काढून वन विभागाने मोकळे होऊ नये. गावातच घराच्या पडवीला लागून पक्की, जाळीबंद खोली बांधायला ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांमार्फत मदत करता येईल. कुत्रा सांभाळणे हे गावातल्या एखाद्याचे पगारी काम होऊ शकते. चुलीवरचे जेवण आणि काजव्यांची वाट दाखवणे हा जसा उद्योग झाला, तसा हाही होईल.

कुत्र्यासह मोकळ्यावर राहायचेच असेल, तर महाराष्ट्रात त्यासाठी जंगलाची कड गाठायची गरज नाही. कोकण किनाऱ्यावरची कुंपणाची वाडी, पवना धरणाच्या काठचे बंदिस्त फार्म, देशावरची मोठी शेतघरे या जागा कुत्र्याला कितीतरी सोईच्या आहेत. बिबट्या यांतल्या बऱ्याच ठिकाणी फिरकू शकतो. जुन्नर-आंबेगावच्या लोकांना ते नव्याने सांगायला नको. तेव्हा अंधार पडल्यावर कुत्रा पक्क्या छपराखाली, हा नियम तिथेही पाळावा.

वाचकांपैकी कोणी येत्या सुट्टीसाठी अशी जागा शोधत असेल, तर आगाऊ पैसे भरण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी विचाराव्यात. ही जागा अभयारण्याच्या किंवा बफरच्या हद्दीत आहे का? रात्री कुत्रा कुठे झोपेल? बाकीच्या पाहुण्यांच्या कुत्र्यांची लसीची कार्डे तपासता का? आणि सर्वांत जवळचा पशुवैद्य किती अंतरावर आहे? पलीकडच्या माणसाला याची सरळ उत्तरे देता आली नाहीत, तर ते बुकिंग करू नका. आणि बेत ताडोबाच्या सफारीचाच असेल, तर कुत्र्याला ते चार दिवस त्याच्या ओळखीच्या माणसांकडे, घरच्या पंख्याखाली राहू द्या.