लस कालवडीला, पण बाधित गाईचे काय?

गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, की पशुपालकाचे वासरू जाते आणि दूधही घटते. तिची वार उघड्या हातांनी काढताना आपल्यालाही धोका आहे, हे मात्र अनेकांच्या गावी नसते. 'ब्रुसेला' जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगाला पशुवैद्यक 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात. माणसात तो चढउताराचा ताप, घाम आणि सांधेदुखी या रूपाने येतो. साहजिकच मलेरिया वा टायफॉइडशी त्याची गल्लत होते. निदान झाल्यास प्रतिजैविकांनी तो बरा होतो. पण उपचार साधारण सहा आठवडे चालतात.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेतून सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर या रोगाचाही समावेश झाला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना आयुष्यात एकदा लस, हा त्याचा गाभा. ही लस उद्याच्या गाईला वाचवते. आज बाधित असलेल्या गाईला बरे करीत नाही. अनेक पाश्चात्त्य देशांनी बाधित जनावरे कापून रोग हटवला. महाराष्ट्रात गोहत्याबंदीमुळे गाईंपुरता तो मार्ग बंद आहे. मग अशी गाय बाजारात गेली, की रोगही नव्या गोठ्यात पोहोचतो.

शहरी ग्राहकाचे रक्षण उकळलेले दूध करते. गोठ्यात राबणाऱ्यास ते कवच नाही. गाभडलेल्या जनावराची चाचणी, विक्रीपूर्वी तपासणी आणि ते वेगळे बांधणाऱ्यास भरपाई, याविना लसीकरण अपुरेच ठरेल.