पोवळ्याचा पत्ता

पोवळे हाती आले की जव्हेरी त्याचा रंग आणि वजन पाहतो. भूशास्त्रज्ञ मात्र प्रथम विचारतो, ‘हे सापडले कोठे?’

कच्छमधील जुमारा गावाजवळच्या टेकड्यांत 16 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची प्रवाळे दगड होऊन राहिली आहेत. कच्छच्या या प्रवाळांवर जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांनी 1900 साली सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अनेक नव्या जातींना नावे दिली. नवी जाती ठरविणे हे घाईचे काम नव्हे. प्रवाळाच्या पेल्याची रुंदी, आतील उभ्या पडद्यांची संख्या व मांडणी पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहावी लागते. ज्या नमुन्यावरून नाव दिले, तो संग्रहालयात जपावा लागतो.

‘मोंटलिव्हाल्टिया’ या वंशाची एकेकटी वाढणारी प्रवाळे कच्छप्रमाणेच फ्रान्स-इंग्लंडच्या खडकांतही आढळतात. प्रौढ प्रवाळ जागचे हलत नाही. त्याचे चिमुकले डिंभक तेवढे प्रवाहाबरोबर वाहत जाते. अर्थात, या दूरच्या प्रदेशांना जोडणारी उबदार, उथळ किनाऱ्यांची साखळी तेव्हा होती. त्या लुप्त समुद्राला एड्वर्ड सूस यांनी 1893 साली ‘टेथिस’ हे नाव दिले.

हा निष्कर्ष दगडाच्या जागेवर उभा आहे. नाव-तारीख नसलेली चिठ्ठी खतावणीत चढत नाही. तसाच स्थळ व थर न नोंदता उचललेला जीवाश्म विज्ञानाच्या हिशेबात धरता येत नाही. कच्छच्या प्रवासात असा दगड दिसल्यास छायाचित्र घ्यावे, दगड तेथेच राहू द्यावा. घरी आणला, तर तो शोभेची वस्तू होईल. एका समुद्राचा पुरावा मात्र नाहीसा होईल.