हिशेब तिच्या वयाने करा

निवृत्तीचा हिशेब बहुतेक घरांत एकाच वयावर होतो, नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या. फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे यांची बेरीज करायची, व्याज किती येईल ते पाहायचे आणि निश्चिंत व्हायचे. पण बायको सहसा चार-पाच वर्षांनी लहान असते आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याची पत्नी पंचावन्न वर्षांची असेल आणि तिला पंच्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले, तर पैसा तीस वर्षे पुरवायचा आहे. आज 30 हजारांत भागणाऱ्या घराला, महागाई सहा टक्के धरली तरी, बारा वर्षांनी 60 हजार लागतील आणि तीस वर्षांनी 1 लाख 70 हजारांच्या वर.

नवरा गेला म्हणून खर्च निम्मा होत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच राहतो, औषधे वाढतात. पेन्शन मात्र घटते. जुन्या पेन्शन योजनेतल्या सरकारी नोकराच्या विधवेला काही वर्षांनंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के मिळतात, वर महागाई भत्ता. खासगी कारखान्यातल्या कामगाराची बायको याहून फार वाईट अवस्थेत असते. कर्मचारी पेन्शन योजना 1995 खाली तिला नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते आणि तिला महागाई भत्ता नाही. दरमहा किमान पेन्शन 1,000 रुपये, ही 2014 मध्ये ठरली. दशक उलटले तरी आकडा तोच. केंद्र सरकार स्वतःच्या पेन्शनरांना ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर 20 टक्के जादा देते, शंभराव्या वर्षी पेन्शन दुप्पट करते. म्हणजे वय वाढते तशी गरज वाढते, हे सरकारला मान्य आहे. मग गिरणी-कारखान्यात आयुष्य घालवलेल्यांच्या विधवांनाच ते लागू का नाही? हा उघड अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत म्हातारी माणसे आंदोलने करीत आली आहेत.

सरकार हलेल तेव्हा हलेल. घरात करण्यासारखे आहे ते आजच करावे. ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून मिळणारी आयुष्यभराची पेन्शन, घेताना फक्त स्वतःच्या हयातीपुरता पर्याय निवडला की दरमहा थोडे जास्त हाती येतात आणि पुष्कळ जण त्यावरच खूण करतात. नवऱ्यामागे तिला त्यातून छदामही मिळत नाही, आणि हा निर्णय नंतर सहसा फिरवता येत नाही. पत्नीच्या हयातीपर्यंत पूर्ण रक्कम देणारा पर्याय घ्यावा. फंडाचे पैसे हातात पडताच मुलाच्या फ्लॅटसाठी किंवा लग्नासाठी मोकळे करू नयेत; मुलाला कर्ज मिळते, सत्तरीच्या आईला कोणी देत नाही. नॉमिनी नेमला म्हणजे मालकी ठरली असे होत नाही, त्यासाठी मृत्युपत्र लागते. आणि हे सगळे फॉर्म भरले जातील त्या वेळी ती टेबलापाशी बसलेली हवी, चहा ठेवायला उठलेली नको.