गरम पाण्याचा हिशेब

घरात आंघोळीला सर्वांत शेवटी कोण जाते, हे विचारायची गरजच नाही. मुलांची शाळा, नवऱ्याचे ऑफिस, सासऱ्यांची पूजा, सगळ्यांचे आटोपले की मग गृहिणीचा नंबर. तोवर गीझरमधले पाणी कोमट झालेले असते, आणि पुन्हा बटण दाबावे तर विजेचे बिल डोळ्यांपुढे येते. बंब होता तेव्हा निदान आणखी दोन ढलप्या सारता येत होत्या!

आता गीझरला पर्याय म्हणून हीट पंप नावाचे उपकरण मिळते. दुकानदार म्हणतो, ‘‘ताई, बिल एकतृतीयांशावर येईल.’’ हे कितपत खरे? आणि कोणाच्या घरी खरे? मैत्रिणींनो, पैसे मोजण्यापूर्वी हे समजून घेऊ या.

नावाला बिचकायचे कारण नाही. विहिरीवरचा पंप पाणी तयार करीत नाही, खालचे पाणी वर आणतो. तसाच हा पंप हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्यात नेऊन सोडतो. आपल्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून पाहा, गरम लागते. आतल्या भाजीपाल्यातली उष्णता फ्रिज बाहेर टाकत असतो, ती ही. हीट पंपात बाहेरच्या हवेतली उष्णता नळ्यांमधला वायू शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी तापवतो आणि ती उष्णता टाकीतल्या पाण्याला मिळते. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला.

म्हणूनच साध्या गीझरमध्ये १ युनिट विजेची फार तर १ युनिट उष्णता मिळते, तर हीट पंपात साधारण ३ युनिट. वरची दोन हवेतून फुकट! हवा जितकी उबदार तितके काम सोपे, म्हणजे आपल्याकडचे हवामान याला चांगलेच मानवते. पावसाळ्यात ढग आले की सौर बंब रुसतो, हा मात्र चालू राहतो. कल्पनाही काही कालची नव्हे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने ती १८५२ साली मांडली होती. जपानमध्ये २००१ पासून खास पाणी तापवण्याचे हीट पंप घरोघरी बसू लागले.

आता वही-पेन्सिल घ्या. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचे १ युनिट. घरात सहा माणसे, प्रत्येकी २० लिटरची एक बादली, म्हणजे १२० लिटर. (यात आपलीही बादली धरा बरे का, ती विसरायची आपल्याला सवयच असते!) थंडीत नळाचे पाणी २० अंश आणि आंघोळीचे ४२ अंश धरले, तर २२ अंशांचा फरक. १२० गुणिले २२ म्हणजे २,६४० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ३ युनिट. हीट पंपाला तेवढ्यासाठी सुमारे १ युनिट पुरेल. रोजची बचत २ युनिट. १० रुपये दर धरला तर २० रुपये. उन्हाळ्यात ही बचत घटते, कारण नळाचे पाणीच कोमट येते. तेव्हा वर्षाकाठी फार तर ५,००० रुपये वाचतील.

हीट पंपाची किंमत मात्र गीझरच्या अनेक पट असते. समजा, दोन्हींतला फरक ६०,००० रुपये आहे. तो भरून यायला बारा वर्षे लागतील! दुकानदार खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो.

आता दुसरे घर घ्या. एकत्र कुटुंब, दहा माणसे, प्रत्येकी दोन बादल्या. इथे थंडीत रोज सुमारे १० युनिट लागतील, त्यातली ७ वाचतील. यंत्र मोठे लागेल, म्हणून फरक १ लाख रुपये धरला तरी सहा वर्षांच्या आसपास पैसे वसूल होतात. दोन-तीन माणसांच्या घरात चांगला स्टार असलेला लहान गीझर आणि आंघोळीआधी थोडाच वेळ बटण, हेच शहाणपणाचे.

घ्यायचे ठरले, तर आधी जागा पाहा. याला मोकळी हवा हवी. कोंदट न्हाणीघर नको. गच्ची, ड्राय बाल्कनी किंवा मागचे अंगण उत्तम. एअर कंडिशनरसारखे यातून पाणी ठिबकते, त्याला वाट काढून द्या. पंख्याचा आवाजही येतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीच्या भिंतीला लावू नका.

दुसरे म्हणजे, हे यंत्र सावकाश काम करते. मोठी टाकी तापायला काही तास लागतात. पाहुणे दारात आल्यावर बटण दाबून चालत नाही. दुपारी हवा उबदार असते, तेव्हा तापवून ठेवले तर वीज कमी लागते. टाकीचे अस्तर चांगले असले की पाणी सकाळपर्यंत गरम राहते. टाकीतले पाणी ५५ अंश असेल तर एका बादलीला त्यातले १२-१३ लिटर पुरते, बाकीचे विसण. या मापाने सहा माणसांना १०० लिटरची टाकी पुष्कळ झाली. मात्र पाणी कायम नुसते कोमट ठेवू नका, त्यात जंतू वाढू शकतात. अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापवावे. बोअरचे जड पाणी असेल तर टाकीत क्षार साचतात, म्हणून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

आणि एक गोष्ट पैशापलीकडची. स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ घरी बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर असतो. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. त्याने आंघोळ करताना माणसे दगावली आहेत. तुमच्याकडे असा गीझर असेल तर हीट पंप घ्या किंवा घेऊ नका, पण तो आधी बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्या. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

बाकी निर्णयाची घाई नाही. आठवडाभर रोजच्या गरम पाण्याच्या बादल्या वहीत मांडा, गेल्या वर्षभराची बिले शेजारी ठेवा आणि मग घरातल्यांना घेऊन बसा. खरेदी कोणाच्याही नावाने होवो, बादल्यांचा आकडा ठाऊक असतो तो आपल्यालाच. तो सांगितल्याशिवाय कोणालाही दुकानात पाठवू नका.