यंत्र प्रदर्शनापुरते नको

पर्यावरण मोजणारे साधे सेन्सर माध्यमिक शाळेतील मुलांना जोडायला आणि त्यांचा प्रोग्राम लिहायला शिकवावे की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय झाली. साहित्य आले, परंतु शिकवायचे काय, हा प्रश्न तसाच आहे. तयार प्रोग्राम उतरवून घ्यायचा, दिवा लागला की टाळ्या वाजवायच्या आणि प्रदर्शन संपताच यंत्र कपाटात ठेवायचे, याला शिक्षण म्हणावे काय?

मातीची ओल मोजणारा सेन्सर घ्या. आर्डुइनो उनोच्या पाटीला जोडला की तो ० ते १०२३ यांमधला एक आकडा देतो. समजा, ६०० आला. म्हणजे ओल किती? आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. आधी कोरड्या मातीत, मग भिजलेल्या मातीत आकडा घेऊन पाहावा लागतो. काळ्या रानातले माप मुरमाड रानात चालत नाही. शिवाय दोन उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर ओल्या मातीत गंजतो आणि चुकीचे आकडे देऊ लागतो.

येथे आपल्या घरच्या माणसांचे शहाणपण कामी येते. ढेकूळ मुठीत दाबून ‘वाफसा आला’ म्हणणारा शेतकरी आकडा पाहत नाही. पण त्याच वेळचा आकडा मुलाने वहीत टिपला, तर यंत्राला अर्थ येतो. यंत्र दाखवून बापाला अडाणी ठरवू नये. बापाला विचारून यंत्र ताळ्यावर आणावे.

‘हे सायन्सवाल्यांचे काम, आपल्याला काय त्याचे?’ असे काही मित्र म्हणतील. परंतु हिवरे बाजारने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवले. तेथे पर्जन्यमापकाचा आकडा साऱ्या गावाचा झाला. हा समाजशास्त्राचा विषय नव्हे काय?

म्हणून माझे म्हणणे असे, की शाळांनी पदकांपेक्षा वर्षभराच्या नोंदवहीला गुण द्यावेत. तीत तारीख, वेळ, आकडा आणि आकड्याबद्दलची शंका, सारे मराठीत लिहिलेले असावे. १ मेच्या ग्रामसभेत मुलांनी ती वाचून दाखवावी आणि ‘कशावरून?’ असे कोणी विचारलेच, तर वही पुढे करावी.