हूघालेन : रुळांकाठचे एक गाव



ड्रेंथ प्रांतात आसेनच्या दक्षिणेस हूघालेन नावाचे लहानसे खेडे आहे. मेप्पेल–ग्रोनिंगेन लोहमार्ग १८७० साली त्याच्या शिवारातून गेला. आज तेथे गाडी थांबत नाही.

जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांसाठी १९३९ मध्ये डच सरकारने जवळच्या माळरानावर वेस्टरबोर्क छावणी उभारली. पुढे नाझींना ती आयतीच मिळाली. १५ जुलै १९४२ रोजी पहिली गाडी निघाली, तेव्हा माणसे सामान घेऊन छावणीपासून हूघालेनपर्यंत सुमारे पाच किलोमीटर चालत आली. नोव्हेंबरपासून फाटा थेट छावणीत गेला आणि गावाला ती रांग दिसेनाशी झाली. बहुधा दर मंगळवारी गाडी सुटे. डच रेल्वे त्याचे बिल आकारीत असे. माफी मागायला २००५ साल उजाडले, भरपाईला २०१९.

१९ मे १९४४ च्या गाडीच्या दारातून डोकावणारी, डोक्याला फडके बांधलेली मुलगी जगभर ज्यूंच्या संहाराचे प्रतीक ठरली. ती सेटेला स्टाइनबाख, नऊ वर्षांची सिंती मुलगी होती, हे पत्रकार आद वागेनार यांनी १९९४ मध्ये शोधून काढले. भटक्या म्हणून हिणवलेल्या समाजाचे दुःखही पन्नास वर्षे दुसऱ्याच्या नावावर नोंदलेले राहिले!

माझा व्यवसाय माहितीचे तक्ते रचण्याचा. म्हणून मला छळते ते वेगळेच. डच लोकसंख्या नोंदवहीत युद्धापूर्वीपासून धर्माचा रकाना होता. तो कुणा दुष्टाने आखला नव्हता. कारकुनी नीटनेटकेपणाने आखला होता. माणसे शोधताना तोच कामी आला.

१९०१ साली मसूर स्थानकावर बाल भीमरावांजवळ तिकीट होते, अंगावर नवे कपडे होते. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. या दोन घटना एका मापाने मोजू नयेत, मोजताही येणार नाहीत. मात्र तिकीट हाती असतानाही विचारला जाणारा तो दुसरा प्रश्न आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. येथे मुलांच्या शाळेचा अर्ज भरताना माझी लेखणी अजूनही क्षणभर थबकते.

छावणीच्या जागी आज वर वाकवलेले रूळ आहेत आणि परत न आलेल्या प्रत्येकासाठी एक, असे १,०२,००० दगड. संग्रहालयापासून तेथवर सुमारे तीन किलोमीटर रानातली वाट आहे. बस मिळते, पण मुलांना घेऊन चालतच जावे.